मंजुळाची बाटली

दुपारी जेवण झालं की अभ्यंकरबाई घटकाभर आडव्या होतात. आजही पंख्याची घरघर ऐकता ऐकता डोळे मिटतात आणि ती घरघर बारीक होत होत माशांची गुणगुण होते. पलंगाच्या जागी प्रयोगशाळेचं टेबल आहे. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मंजुळा शेलार मान वर न करताच म्हणते, "या बाई. फार उशीर केलात."

मंजुळाला जाऊन चार वर्षं झाली. इथे मात्र ती एकवीसचीच आहे, बाईंची विद्यार्थिनी. पुढ्यात फळमाशांची बाटली.

"या जोडीच्या लेकी लाल डोळ्यांच्या व्हायच्या, मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे. होय ना?" ती म्हणते. "मग हे बघा. डोळे लाल, अंग नराचं."

बाईंना आपलं तेव्हाचं उत्तर आठवतं. 'बाहेरच्या माशा शिरल्यात. बाटलीला कापसाचा बोळासुद्धा धड लावता येत नाही, संशोधन कसलं करतेस!' आणि बाईंनी बाटली साबणाच्या पाण्यात रिकामी केली होती.

आता टेबल शाळेतला बाक झालाय. बाईंच्या हातात खडू आहे. सोसायटीतल्या मुलांना सांगतात तसं त्या समजावू लागतात, "पेशीत निरोपाची लांब पट्टी असते. नरात, मादीत एकच. मादीत मधला तुकडा कापून टोकं जोडतात. नरात तो राहतो, आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'थांब', म्हणून मादी घडवायचा निरोप अर्धवट राहतो. मादीत कात्री चालली नाही, तर तीही नरासारखी होते, डोळे मात्र लेकीचेच, लाल..."

"मलाच शिकवताय होय?" मंजुळा हसते.

बाईंचा खडू खाली येतो. बाक आता एसटी स्टँडवर आहे. मंजुळाच्या मांडीवर बॅग. शिक्षण सोडून गावी निघाली होती, तशीच.

"दुसऱ्या कुणीतरी हेच दाखवलं, तेव्हा तुला पत्र लिहिणार होते."

"मी होते तेव्हा?"

"होतीस. पुढे एकोणीस वर्षं."

"पत्ता तोच होता, बाई."

गाडी लागते. मंजुळा उठते, बाईंच्या तळहातावर काहीतरी ठेवून त्यांची मूठ हलकेच मिटते. "या खेपेला नीट बघा."

"चुकलं गं माझं," बाई म्हणतात, तेव्हा समोर नुसती धूळ असते.

स्वतःच्याच आवाजाने त्यांना जाग येते. उन्हं पलंगावर आली आहेत. त्या मूठ उघडतात. तळहातावर तिळाएवढी माशी, लाल डोळ्यांची. नर की मादी, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. श्वासाच्या फुंकरीनेही ती उडून जाईल, म्हणून बाई श्वास रोखून बसतात.