वहिनीची पहिली टोळी

आमच्या मारामपाटात मोटार येत नाही. गॅसची टाकी, तांदूळ, बियरची खोकी, सगळं खेचरांच्या पाठीवरून येतं. नेमेसिया वहिनी लग्न होऊन आली तेव्हाही खेचरं होती, पण ती त्यांच्यावर बसली नव्हती. सान हुआनच्या खिंडीपलीकडलं यानामा, ते तिचं माहेर. तिथून ती खेचरांच्या पुढे चालत आली आणि माझा कासियानो दादा, ज्याची ती खेचरं, तो मागून धापा टाकत आला. आईने दारातून पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, ही कुणाच्या मागून चालायची नाही.

आमची वस्ती म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची चार घरं. पुढच्या वळणापलीकडे चोकेकिराव, इंकांनी बांधलेलं गाव. ते पाहायला येणारे आमच्या अंगणात तंबू ठोकतात, आम्ही त्यांना सूप आणि भात करून घालतो. वहिनी अवशेषांच्या वाटेवर चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, विकायची. तिथे उभ्या उभ्या ती गाइड लोकांचं बोलणं ऐकायची, आणि संध्याकाळी चुलीपाशी आम्हाला त्यांच्या नकला करून दाखवायची.

एकदा मात्र ती आली ती धुमसतच. कुस्कोच्या कुणा गाइडने पाहुण्यांना सांगितलं होतं की इथली माणसं एके दिवशी गूढपणे नाहीशी झाली. आणि सांगताना तो वहिनीच्या हातून चिचेचा पेला घेत होता.

"नाहीशी झाली म्हणे," वहिनी म्हणाली. "मग तुला चिचा कोण देतंय, माझं भूत?"

त्या पावसाळ्यात तिने आबान्कायला गाइडच्या शाळेत नाव घातलं. तेव्हा तिची दोन्ही पोरं चालती-बोलती झाली होती. शाळेला जायचं म्हणजे आधी कड्यावरून आपुरिमाक नदीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा, पलीकडचा तेवढाच डोंगर चढायचा आणि मग गाडी. किती वर्षं हे चाललं! ती तिकडे गेली की स्वयंपाक दादाकडे. आमची तोमासा मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, येता-जाता त्याला टोमणे मारायची. "सुनेला शाळा अन् भाच्याला चूल," ती म्हणायची, "आता तेवढा घागरा नेस." दादा हसायचा आणि तिला वाढायचा. मावशी दोनदा मागून घ्यायची.

शेवटी वहिनी पास झाली. गळ्यात अडकवायचं फोटोचं कार्ड मिळालं, आणि कुस्कोच्या एका कंपनीने मे महिन्यात तिला पाहुण्यांची पहिली टोळी देऊ केली. चोकेकिरावपासून माचू पिच्चूपर्यंत, डोंगरांवरून चालत. वहिनी कार्ड घेऊन घरी आली आणि दोन दिवस ते उलटसुलट करून बघत राहिली. मग माझ्याकडे येऊन बसली.

"पाउलिना, मी आजवर फक्त खेचरांना वाट दाखवली आहे. माणसांना घेऊन गेले आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

 उत्तर तिनेच आणलं होतं. आधी आम्हाला घेऊन जायचं. मला, शेजारच्या देल्फिनाला आणि मावशीला. आम्ही पाहुण्या, ती गाइड, दादा स्वयंपाकी आणि खेचरवाला. अगदी खऱ्यासारखं.

जन्मभर आम्ही त्या वाटेने जाणाऱ्यांना सूप वाढलं होतं. ती वाट पुढे कुठे पोचते ते आमच्यातल्या एकीनेही पाहिलं नव्हतं. देल्फिना तर लगेच उठून चपला शिवायला बसली. मावशीने आधी नको म्हटलं, मग माझ्याशिवाय तुम्ही हरवाल म्हणाली, आणि सगळ्यांत आधी गाठोडं बांधून तयार झाली.

एकच अडचण होती. माचू पिच्चूला आमच्या प्रांतातल्या लोकांना रविवारी फुकट सोडतात. तेव्हा काहीही झालं तरी रविवार गाठायचा.

पोरांना आईकडे सोडून आम्ही निघालो आणि पहिल्याच दिवशी वहिनीची फजिती झाली. चोकेकिरावच्या चौकात उभी राहून तिने पुस्तकी आवाज काढला, "आपल्या डाव्या हाताला आपण पाहत आहोत," आणि देल्फिना फस्सकन हसली. डाव्या हाताला तिची शेळी चरत होती. मावशीने तर समांतर गाइडगिरीच सुरू केली. ह्या भिंतीखाली माझा भाऊ पडला, त्या कोनाड्यात साप निघाला. वहिनीचे कान लाल झाले. पण खालच्या उतारावर, जिथे शेताच्या बांधांत पांढऱ्या दगडांचे लामा बसवले आहेत, तिथे तिने पुस्तक सोडलं. म्हणाली, हे लावणारेही आपल्यासारखेच डोंगरातून लामा हाकत आले असतील, आणि कुणाचा लामा कुत्र्यासारखा दिसतो यावरून भांडलेही असतील. मग आम्ही तसा लामा शोधायला लागलो. सापडलाही. ते लामा मी लहानपणापासून पाहत आले, पण ते कुणीतरी आपल्या हातांनी लावले हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

सकाळी तंबूबाहेर दादाचा आवाज आला. पाहतो तर हातात कोमट पाण्याचं घमेलं, आणि कोकाच्या पानांचा वाफाळता चहा. पाहुण्यांना तसा देतात, म्हणून आम्हालाही. मावशीने चहाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं.

"काय करून ठेवलंयस?" तिने विचारलं. "आधी खरं सांग, मग पिते."

आम्ही तंबूत लोळून हसलो. पण खरं सांगते, देल्फिना तो पेला दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला उठल्याबरोबर कुणी आयता चहा दिला नव्हता, कधीच.

मग रिओ ब्लांको नदी आली. वर कुठेतरी रात्रभर पाऊस झाला होता. नदी तपकिरी होऊन धडाडत होती आणि ओंडक्यांचा पूल वाहून गेला होता. एरवी तिथे गुडघाभर पाणी. मावशीने लगेच घागरा खोचला. लहानपणी खेचराची शेपटी धरून ही नदी तिने कितीदा ओलांडली होती, आणि आज थांबलो तर रविवार हुकणार हेही तिनेच मोठ्याने सांगितलं. दादासुद्धा खेचराचा दोर सोडायला लागला. मलाही वाटलं, जावं.

वहिनी पाण्याच्या काठाशी गेली. तिने एक मोठा दगड पाहून ठेवला आणि पाणी त्याच्यावर चढतंय की उतरतंय ते बघत उभी राहिली. मग वळून म्हणाली, कुणी उतरायचं नाही.

"मला शिकवतेस?" मावशी म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हा मी—"

"घरी तुम्ही मोठ्या, मावशी. तुमचा शब्द मी खाली पडू देत नाही. पण इथे तुम्ही माझ्या टोळीत आहात. आज नदी ओलांडायची नाही."

वहिनीचा आवाज वर गेला नव्हता. मावशीने घागरा सोडला, पाठ फिरवली आणि दूर जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. दुपारी एक आख्खं झाड, मुळांसकट, आमच्यासमोरून वाहत गेलं.  थोड्या वेळाने मावशी उठली, दादाच्या पातेल्यात डोकावली आणि बटाटे कच्चे आहेत म्हणाली. वहिनीने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आम्ही एकमेकींच्या कमरेला धरून पार झालो आणि जी चढण लागली ती देवाची आठवण करून देणारी. मायसालच्या पठारापर्यंत माझ्या पायांत गोळे आले. पण पुढच्या दिवशी सान हुआनच्या खिंडीत ढग फाटले आणि बर्फाचे डोंगर असे समोर आले की मावशीनेच आधी कोकाची पानं हातात घेऊन डोंगरदेवांना घालतात तशी त्यांच्याकडे फुंकर घातली आणि त्यांना आमच्या सगळ्यांची नावं सांगितली. वहिनीचं नाव पहिलं घेतलं. मी ऐकलं.

यानामाला वहिनीच्या माहेरी पोचलो तेव्हा हिशोब सरळ होता. एक दिवस नदीने खाल्ला. चालत गेलो तर रविवार जाणार. वहिनीला सगळी वाट पायी करायची होती, खऱ्या गाइडसारखी. बराच वेळ ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. मग आत आली आणि भावाला म्हणाली, तुझ्या मित्राचा बटाट्याचा ट्रक सकाळी निघतोय ना, त्यात आम्हाला टाक. खेचरं माहेरी राहिली, आणि दादासकट आम्ही सगळे पोत्यांवर.

असा प्रवास मी जन्मात केला नाही. वरची खिंड पांढरीशुभ्र, भुरभुर बर्फ पडतोय, ट्रक घाटात घसरतोय, आणि आम्ही घोंगड्या पांघरून गातोय. देल्फिना प्रत्येक वळणावर किंचाळायची आणि लगेच पुढचं वळण कधी म्हणून विचारायची.

ट्रकने आम्हाला पलीकडच्या कॉफीच्या मळ्यांत उतरवलं. तिथून पुन्हा पायी, गाठोडी पाठीवर, याक्तापाताच्या डोंगरावर. झाडीतून बाहेर आलो तिथे एक पडकं इंका घर आहे, त्याच्या दारात वहिनीने आम्हाला एकेक करून उभं केलं. नुसतं बोट दाखवलं. दरीपलीकडे, दोन शिखरांच्या मध्ये, माचू पिच्चू होतं. एवढंसं, करड्या रंगाचं.

"अगं, हे तर आपल्यासारखंच," देल्फिना म्हणाली. "कड्यावर घर बांधायची खोड तेव्हापासूनचीच."

रविवारी सकाळी दारावर रांग होती. आम्ही टायरच्या चपलांत, गाठोड्यांसकट. पहारेकऱ्याने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, विकायला आतमध्ये परवानगी नाही म्हणाला. वहिनी कार्ड काढायला गेली, पण मावशी मध्ये घुसली.

"विकायला कोण आलंय? आम्ही पाहुण्या. ही आमची गाइड. आणि तिचं मुकाट्याने ऐक, बाबा, मलासुद्धा ऐकावं लागतं."

त्याने कार्ड पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, माफी मागितली आणि दोरी उचलली.

आत गेल्यावर काय सांगू? वहिनीने बोलायला तोंड उघडलं, पण ऐकायला जागेवर कुणी नव्हतं. देल्फिना भिंतींच्या सांध्यांत नख घालून बघत होती, नख जाईना. दादा पाण्याच्या पाटांपाशी उकिडवा बसून ते कुठून येतं ते शोधत होता. मावशी हिरवळीवर सरळ आडवी झाली, पहारेकऱ्याची शिट्टी वाजली तरी उठेना. वहिनीने आमच्याकडे पाहिलं आणि सगळं सोडून तीही पायऱ्यांवरून धावत सुटली, वरपर्यंत. ह्या दाराच्या आत तीही पहिल्यांदाच आली होती.

मे महिन्यात तिची खरी टोळी आली. ती माझ्याच अंगणात उतरली. संध्याकाळी मी सूप वाढत होते आणि वहिनी त्यांना सांगत होती, स्वतःच्या आवाजात. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, इथली माणसं कुठे गेली. वहिनीने माझ्याकडे बोट केलं, म्हणाली, ही सूप वाढतेय ती माझी नणंद.

आता ती महिन्याचे बरेच दिवस वाटेवर असते. पावसाळ्यात घरी असली की नकाशा पसरून बसते. विल्काबांबाच्या जंगलात इंकांचं शेवटचं गाव आहे, तिथवर जायचं घाटत आहे. देल्फिनाने बूट घेतलेत, लाल रंगाचे. मावशी म्हणते तिला यायचं नाही, पण काल ती वहिनीला विचारत होती की तिकडे नद्या किती आहेत.