माझ्या हातातलं ताट

ताट माझ्याजवळ आलं. मी ब्रेडचा तुकडा उचलला, तोंडात टाकला अन् ताट बाजूले बसलेल्या बाईसमोर धरलं. बाईनं हात मांडीवरच ठेवले. माझ्याकडं पाह्यलं बी नाही. ताट वाटणाऱ्या भाऊले भुवईनं खुणावलं अन् हळूच म्हणली, "तुमी घ्या तिच्याजवळून, अन् तुमी मले द्या."

भाऊनं माझ्या हातून ताट घेतलं. तिच्यासमोर धरलं. तिनं तुकडा उचलला अन् डोळे मिटून अशी बसली, जसा देव तिचा सख्खा भाचा लागते.

हा हॉल तालुक्याच्या गावी, मानोऱ्यात, एका दुकानाच्या वर हाये. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची आमची लहानशी मंडळी तथी रविवारी जमते. पगारी पाद्री नाही. आमच्यातलंच कोणी उठते, बोलते. बाया बी बोलतात. मंग येशूच्या आठवणीत ब्रेडचं ताट फिरते, त्याच्यामागून पाण्याच्या इवल्या कपांचं. रांगेत, हातोहात. आपण घ्यायचं, बाजूच्यापुढं धरायचं. मी या मंडळीत आली ते काही स्वर्गासाठी नाही. खोटं काहून बोलू? मी आली त्या ताटासाठी. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या मावशीनं माझ्या हातून ताट घेतलं, तुकडा खाल्ला अन् पुढं दिलं. तिले काहीच वाटलं नाही. मले लय वाटलं. घरी येऊन रडली मी.

कारण आमची जात खालची. माझ्या हातचं गावात कोणी खात नाही. याच बाईच्या मळ्यात मी भाजी तोडाले जात होती. भेंडी, वांगे, मेथीच्या जुड्या. सकाळी कामाच्या मधात चहा होये. बाकीच्यायचे कप घरातून येत. माझा कप विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याले टांगलेला, काठ उडालेला. मीच धुवायचा, मीच टांगायचा. चहा वरून ओतत, किटलीचं तोंड कपाले लागू नये म्हणून. मंडळीत आली तवा मी चहा सोडला, आमच्यात चहा-कॉफी चालत नाही. चहा सोडताना सारे कुरकुरतात. मी हासली. मी त्या कपातून सुटली होती.

मंग बाई बी मंडळीत आली. तिचा नवरा आजारी होता तवा मंडळीतल्या बायायनं त्याच्यासाठी उपास धरला, तिच्या घरी जाऊन बसल्या. तो उठून बसला, अन् बाईले देव पावला. चांगलं झालं. यावं ना. पण येताना तो खिळ्यावरचा कप बी मनात घेऊन आली.

ताटाच्या त्या दिवशी सभा सुटल्यावर मी अध्यक्ष भाऊले गाठलं. हा माणूस आठवडाभर शाळेत मास्तर, रविवारी आमची मंडळी पाह्यते. मी म्हटलं, "भाऊ, पाह्यलं ना तुमी?"

त्यानं टाय सारखा केला. "बहिणी, समजून घे. त्या नवीन हायेत. त्यायच्या मागं चार घरं येतीन, मंडळी वाढन. थोडे दिवस तू मागच्या रांगेत बसत जाय ना."

बहिणी म्हणते. कसा साखरेत घोळलेला शब्द हाये. मळ्यात मी 'ए', हॉलात मी बहीण, अन् बहिणीची जागा मागं. नवीन घरं आणाले निघाला अन् घरातलीलेच ओसरीत बसवते, हा आमचा अध्यक्ष.

तरी बसली मी मागं. माझा नवरा घरी म्हणे, "कायले जातं व तथी? अपमान तं गावातच फुकट भेटते, त्याच्यासाठी मानोऱ्याले जायाची काय गरज?" पण मले ताट सोडवत नव्हतं.

मंग महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी सारे उपाशी येतात, अन् ज्याले वाटते त्यानं समोर उभं राहून साक्ष द्यायची. बाई उठली. पदर सावरला. म्हणली, "देवानं माझं मन मोठं केलं. मळ्यातल्या मजूर बाया मले लेकीसारख्या हायेत. आपण सारे एकाच बापाचे लेकरं." अन् माझ्याकडं हात केला, आलेल्या पाहुण्याले मळ्यातलं मोठं कोहळं दाखवावं तसा. साऱ्यायनं माना डोलावल्या. मास्तरनं तं डोळे पुसले.

माझ्या पोटात आग पडली. उपासाची नव्हती ती. उद्या मळ्यात काम राह्यते का जाते, हे डोक्यात होतं. तरी मी समोर गेली.

"मी बी साक्ष देते. या बाईले माझ्या हातानं तोडलेली भेंडी चालते. माझ्या हातातलं ताट चालत नाही. मले मागं बसवलं ते अध्यक्ष भाऊनं. हे खरं हाये, हे मले माहीत हाये. आमेन."

साक्ष झाली की सारे आमेन म्हणतात. त्या दिवशी एकट्या मावशीनं म्हटलं. बाकीचे आपापल्या चपला पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी बाईचा निरोप आला, मळ्यात पाय ठेवू नको. नाही ठेवला. आता दुसरीकडं कामाले जाते, लय दूर पडते. अध्यक्ष भाऊ घरी येऊन गेला. "बहिणी, क्षमा कराले शिक," म्हणे. मी म्हटलं, "करीन ना. पहिले तिले ताट घ्याले शिकवा."

आता हॉलात बाई कुठं बी बसो, मी जाऊन तिच्याच बाजूले बसते. ताट आलं की माझा तुकडा घेते अन् तिच्यासमोर धरते. वाटणारा भाऊ हात पुढं करते, मी त्याले देत नाही. मागच्या रविवारी तिनं हात उचलला नाही, अन् मी ताट खाली ठेवलं नाही. मागच्या रांगा थांबल्या. मास्तर खोकलला. शेवटी बाईच उठून बाहेर गेली, न खाता.

जाये ना. येत्या रविवारी मी तथीच हाये. ताट धरून हात दुखन, पण ते माझा हात सोडून दुसऱ्या कोणाच्या हातून तिच्यापुढं जाणार नाही. खायचं असन तं माझ्या हातून खावं. नाही तं उपाशी जावं.