शीगभर मैदा

माझी बायको मेली तेव्हा तिला केक खायचा होता. देव नाही, काशी नाही, केक. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणाली, "अजी, तोंडाले चवच नाही राहिली. घरी गेलो का केक करीन मी." घरी आली ती आडवी. केक राहिला.

ही गोष्ट गेल्या सालच्या होळीच्या आधीची. यंदा अक्षय तृतीयेला तिला पितरांत मिळवायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पान वाढतात. पुरणपोळी, वडे, कुरडई, आंब्याचा रस आणि त्याला जे आवडायचं ते. मी ठरवलं, हिच्या पानावर केक वाढायचा. आणि तिच्या पद्धतीचा, दुकानातला नाही.

माझी मोठी बहीण आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, "पितरं केक नाही खात गा."

"बाबाच्या पानावर आपण दरसाल बिडी ठेवतो. ओढताना पाहिलं का तू?"

तिनं तोंड वाकडं केलं.

आता अडचण अशी की केक कसा होतो ते तिच्यासोबतच गेलं. मी खाणारा माणूस. मला एवढंच ठाऊक की ती कान तुटलेल्या एका चिनी मातीच्या कपानं सगळं मोजायची. किती कप, ते तिला माहीत. सुनेनं मोबाईलात शोधलं तर तिथं सगळा हिशेब ग्रॅममध्ये. मैदा अडीचशे ग्रॅम, साखर दोनशे, तूप शंभर. आमच्या घरी वजनकाटा आहे, पण तो धानाच्या पोत्याचा. मी मैद्याचा पुडा हातात धरून त्याच्यावर चढलो. मग पुडा खाली ठेवून चढलो. दोन्ही वेळा वजन तेवढंच. म्हणजे काट्याच्या हिशेबानं मैद्याला वजनच नव्हतं.

"मामाजी, ग्रॅमचे कप करा लागते," सून म्हणाली.

"करू," मी म्हटलं. तो कप खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधला आणि एसटीनं लाखांदूरला गेलो. तिथं किराणावाल्याकडे बारीक काटा आहे, त्याच्यावर तो इलायची तोलतो.

"काय देऊ काकाजी?"

"एक कप मैद्याचं वजन दे."

"मैदा देऊ?"

"मैदा आहे घरी. वजन पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं कोणी सोबत आहे का ते पाहिलं. पण पोरगा भला. मैद्याचं पोतं उघडून दिलं. मी कप भरला, शीग लावून भरला. आम्ही धानवाले माणसं. पायली भरायची म्हणजे वर टोक निघेपर्यंत भरायची, त्या टोकाला शीग म्हणतात. शीग नसलेलं माप आम्ही भिकाऱ्यालाही घालत नाही.

किराणावाल्यानं कप उचलून गदागदा हलवला. मैदा खाली बसला.

"हलवून काहून राहिला बे?"

"हवा नाही का काढा लागत?"

याच गोष्टीवरून मी जन्मभर धानाच्या व्यापाऱ्यांशी भांडलो. माप हलवलं की वर आणखी धान मावते, ते विकणाऱ्याचं जाते. मी पुन्हा शीग लावली. वरून पंखा सुरू होता, त्यानं शीग उडवून माझ्या मिशीवर आणली. तीन वेळा तोललं. तिन्ही वेळा वजन वेगळं.

"पंखा बंद कर."

"गिऱ्हाईक मरन ना काकाजी गरमीनं. असं करा, मी पाव किलो मैदा तोलून देतो. घरी जाऊन ओता भांड्यात. कपाचं कामच नाही."

पोरगा शहाणं बोलत होता. मला फार राग आला. कपाचं काम नाही तर मी उन्हात कायले आलो? सगळं तोलूनच घ्यायचं तर तो केक कोणीही करील. तिचा कसा होईल?

शेवटी त्यानं तिन्ही वजनांतलं मधलं धरलं आणि सांगितलं, दोन कप घाला. मी त्याच्याकडून उगाच एक साबण घेतला आणि आलो.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही करून पाहिला. मी कप भरून परातीत ओतला आणि म्हटलं, "लाभ."

"काय, मामाजी?"

"लाभ. पहिल्या मापाले एक नाही म्हणत. लाभ म्हटलं तर धान वाढते. मग दोन."

"हा मैदा आहे."

"वाढू दे मग मैदा."

तूप अर्धा कप घालायचं होतं. आता अर्ध्याला काय म्हणू? अर्धा लाभ असं कोणत्याच खळ्यावर मी ऐकलं नाही. लाभ एकतर होतो, नाहीतर होत नाही. म्हणून मी पूर्ण कप ओतला. सुनेनं कपाळाला हात लावला. मोबाईलात सांगितलं तसं तिनं कुकरच्या तळाला मीठ टाकलं, वर डबा ठेवला. निघालं ते खालून तुपात पोहत होतं आणि वरून उखळासारखं टणक. तुकडा कुत्र्याला टाकला. त्यानं हुंगला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजलो.

बहीण म्हणाली, "हे ठेव पानावर. वापस येईन तुयी बायको, भांडाले."

येऊ दे, मी म्हटलं. मनात.

सणाच्या सकाळी मी पुन्हा मैद्याच्या डब्यापुढं बसलो. कपाला शीग लावली आणि हात थांबला. मला तिचं बोट दिसलं. कप भरला की ती बोटाची पाठ कपाच्या काठावरून फिरवायची, शीग डब्यात परत पडायची. धानाच्या घरची बाई, दरवेळी माझ्या डोळ्यांदेखत शीग कापायची, आणि मी केकाची वाट पाहत बसलेला.

मी बोट फिरवलं.

"अगा, बरकत जाईन!" बहीण ओरडली.

"जाऊ दे."

मग आणखी एक आठवलं, आणि मी खाटेखालून तिचा पत्र्याचा डबा काढला. त्याच्यात चुलबंद नदीची रेती होती. ती कुकरात मीठ नाही, हीच रेती टाकायची. धुऊन, चाळून, वाळवून ठेवलेली, अजून तशीच होती. सून म्हणाली, "मामाजी, मिठानंही होते ना." मी ऐकलं नाही. तूप मात्र सुनेनं आपल्या हातानं घातलं, मला जवळ येऊ दिलं नाही.

केक मधोमध बसला, बैलाचा पाय पडल्यासारखा. पण केकच होता. दुपारी पळसाच्या पानावर सगळं वाढलं, आंगणात ठेवलं. कावळा आला. वडा खाल्ला. कुरडई उचलली. केकावर चढून इकडंतिकडं पाहिलं आणि उडून गेला.

"पाय देल्लन," बहीण म्हणाली. "तोंड नाही लावलन."

मी उन्हातच बसलो. आठवून पाहिलं, हिनं तरी कधी केकाला पहिलं तोंड लावलं होतं? सगळ्यांना वाढायची, मग डबा खरवडायची. मी उठलो आणि उरलेला केक कापला. पहिला तुकडा बहिणीला दिला.

तिनं चावला. कच्च वाजलं.

"रेती लागली गा—"

आणि ती थांबली. सूनही थांबली. दरवेळी हेच व्हायचं. डबा काढताना रेती कुठून तरी आत शिरायचीच, पहिल्याच घासाला कोणीतरी ओरडायचं, आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

ते कोणीतरी द्यायला पाहिजे होतं. मी दिलं. "धुतली आहे. खा."

बहिणीनं डोळे पुसले आणि आणखी एक तुकडा मागितला, मोठा.

मी डब्यातला घेतला नाही. मेलेल्याच्या पानावरचं जित्यानं खाऊ नये म्हणतात. मी तिच्या पानावरचाच उचलला, कावळ्याच्या पायाचा, आणि तिथंच आंगणात उभ्यानं खाल्ला.