प्रज्ञाचं डिझाइन, माझा आवाज

वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात: न विसळलेले कप आणि किस्से. कप कधीतरी विसळले जातात. किस्से मात्र मी जपून ठेवतो, कारण मला नसत्या चौकशा फार! ठाण्यात वर्तकनगरला आमचं सात जणांचं ऑफिस. मी मजकूर लिहितो. डिझाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

आमच्या साइटवर ‘आमची टीम’ म्हणून विकत घेतलेले फोटो होते. एक सोनेरी केसांचा गोरा, एक हेडफोनवाली आफ्रिकन मुलगी, एक जपानी आजोबा. एका परदेशी क्लायंटने कौतुकाने लिहिलं, तुमच्याकडे किती वेगवेगळी माणसं आहेत! आता त्यांना सगळ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं.

मालक मकरंद सर घामाघूम. "आता काय सांगायचं?"

प्रज्ञा, आमची डिझायनर आणि ऑफिसातली एकमेव मुलगी, शांतपणे म्हणाली, "सांगा, सगळे गणपतीला गावी गेलेत!"

*

खरं वेगळेपण आमच्याकडे होतंच की! तोशी. आईवडील नागालँडचे, हा जन्मापासून डोंबिवलीत. नवा क्लायंट आला की विचारणारच, "कुठून आलात?"

"मानपाडा रोड."

"तसं नाही हो, मूळचे?"

"मूळचा पण मानपाडा रोडच. आधी गल्ली दुसरी होती."

*

प्रज्ञाला सर ठरवून केक, बांगड्या, बालवाडी असलीच कामं द्यायचे. एकदा ती भडकली. "सर, मला जेसीबीवाल्याची साइट पाहिजे!"

मिळाली. ही बाई शीळफाट्याला जाऊन दोन तास ड्रायव्हर लोक मोबाइल कसा वापरतात ते बघत उभी राहिली. आल्यावर तिने फोन लावायचं बटण भलंमोठं केलं, कारण ग्रीसने माखलेल्या बोटाला बारीक बटण दाबता येत नाही. क्लायंट खूश! तिलाच फोन करून म्हणाला, "ज्या सरांनी केलंय ना, त्यांना थँक्यू सांगा."

*

दुसऱ्या एका क्लायंटने तिला नाव विचारलं.

"प्रज्ञा."

"पुढे?"

आडनावावरून लोक काय मोजतात, हे तिला लहानपणापासून पाठ.

"पुढे तुमची गॅलरी, मग कॉन्टॅक्ट पेज," असं म्हणून तिने स्क्रीन खाली सरकवली.

*

क्लायंट प्रज्ञाला डिझायनर मानायलाच तयार होईनात, तेव्हा शेवटी सरांनी तोडगा काढला. क्लायंटशी बोलायचं मी, माझा आवाज भारदस्त म्हणून! प्रज्ञा मीटिंगच्या खोलीच्या काचेबाहेरच्या टेबलावरून चॅटवर लिहिणार, मी वाचून बोलणार. सहा महिने हे चाललं. मग सरांना लीड डिझायनर नेमायचा होता, आणि त्यांनी नाव काढलं माझं!

"क्लायंट तुलाच ओळखतात रे. सोमवारी जाहीर करू."

प्रज्ञा स्क्रीनकडे वळून कामाला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ‘नको’ म्हणायला तोंड काही उघडलं नाही.

*

त्या सोमवारच्या आधीच, शनिवारी, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका लग्नाच्या हॉलच्या मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या आगरी आजी. जमीन त्यांची, हॉल त्यांचा, शेवटचा शब्दही त्यांचाच. मी लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. त्याबरोबर चॅटही टीव्हीवर गेलंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तिथे ठळक अक्षरांत उमटलं: ‘आता तारखांचं पान दाखव. घाई करू नकोस. आजींना चष्मा आहे, अक्षर मोठं कर.’

आजींनी चष्मा नीट केला आणि सगळं वाचून काढलं. "यो कोन लिवतंय?"

सर खोकले. काचेपलीकडून प्रज्ञाने हात वर केला.

"ये गो पोरी, बस." मग माझ्याकडे वळून, "आनि तू काय करतस?"

"मी... नुसता आवाज, आजी."

"मंग हाक मारून चा मागव!"

मी चहा सांगून आत आलो. सर उभे राहून म्हणत होते, "आजी, या आमच्या लीड डिझायनर, प्रज्ञा."

"म्हाईत हाय," आजी म्हणाल्या, "मंगाशी वाचला ना मी!"