ढिला पट्टा

उदासराव हे त्याचं खरं नाव नव्हे, पण ते तो पदवीसारखं मिरवायचा. धंदा टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा. पुढे पोटासाठी मोबाईलच्या काचा बदलणं आलं. तरुणपणी त्याला एक बिनलेबलची परदेशी कॅसेट मिळाली होती. तिच्या त्याने चाळीस कॉप्या काढल्या, मूळ कॅसेट हरवली आणि गाण्यांना नावं त्यानेच ठेवली: ‘राख’, ‘अंधारकोठडी’, ‘शेवटचं पत्र’. कुणी पुरुष त्यात खोल आवाजात रडत होता. झालं! चाळीस जण काळे कपडे घालून, एका डोळ्यावर केस ओढून सावकाश चालायला लागले. टोळीत यायचं तर तीन गाण्यांची नावं क्रमाने सांगावी लागत. उदासरावाने या परीक्षेत कितीतरी भले लोक नापास केले.

आणि आता त्याच्याच मुलीने फोन पुढे धरला. "बाबा, तुमचं गाणं सापडलं."

पडद्यावर पिवळा फ्रॉक घातलेली एक बाई टाळ्या वाजवत, उड्या मारत गात होती.

"हे नव्हेच!" उदासराव गरजला.

मुलीने त्याची कॉपी फोनवर घेऊन वेग वाढवला. रडणारा पुरुष हळूहळू हसरी बाई झाला.  उदासरावाला आठवलं, कॉप्या काढताना कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा मापाचा मिळेना म्हणून त्याने मूळ कॅसेट वाजवणाऱ्या मशीनला मोठाच बसवला होता, आणि ढिल्या पट्ट्यावर गाणं संथ झालं होतं. गावभरची मशीनं नीट करणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार!

बायको हसून हसून खाली बसली. "अहो, ह्या रडगाण्यापायी मी पिवळा रंग सोडला! तुमच्यात येता यावं म्हणून!"

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. तीस वर्षांत कमावलेली ती एवढीच अब्रू होती.

मुलीने सांगितलं नाही. तिने फक्त संथ कॉपी इंटरनेटवर टाकली. आठवड्याभरात लाखोंनी ऐकली आणि चौकात काळे कपडे, डोळ्यावर केस असलेली पोरं दिसू लागली. उदासराव हरखला. पेटीतला काळा कोट काढला, पोट आत ओढून दोन बटणं लावली आणि गुरूच्या थाटात चौकात गेला.

त्या पोरांतल्या एका मुलीने डोळ्यावरचे केस बाजूला करून त्याला न्याहाळलं. "काका, कोट झकास! पण तीन गाणी सांगा बघू."

त्याने छाती काढून तिन्ही नावं क्रमाने सांगितली. तिने फोनवर शोधलं.

"अशी गाणीच नाहीत. काका, ट्रेंड आहे म्हणून कोट चढवायचा, तर निदान थोडा अभ्यास तरी करायचा!"

घरी आला तेव्हा बायकोने खऱ्या वेगाचं गाणं मोठ्याने लावलं होतं आणि ती पिवळी ओढणी उडवत नाचत होती. उदासरावाला तिचा राग आला. मग खाली लक्ष गेलं. त्याचा पाय बरोबर तालावर हलत होता, आणि त्याचा तर त्याला फारच राग आला.