शिरीषचं केशरी जॅकेट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही – बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही शिरीषला ओळखत नव्हता.

इथे परदेशात, हार्बरफ्रंट बंदराजवळच्या एका जहाज कंपनीत मी सुरक्षा विभागात आहे. लोकांना ‘सांभाळून’ म्हणायचा पगार घेतो. शिरीष माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि क्लेमेंटी भागात आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचा. कामासाठी आम्हा दोघांना कार्ताहेनाला पाठवलं होतं – कॅरिबियन समुद्रावरचं जुनं बंदर. काम संपलं, एक दिवस मोकळा मिळाला. तटावरच्या तोफा पाहिल्या. एका चौकात पूर्वी माणसं विकायचे, तिथे आता मिठाया विकतात. शिरीष तिथून लगेच बाहेर पडला. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं – की हे आत्ता वाटतंय?

मग बोटीने बेटांवर गेलो. दुपारी परत निघालो तेव्हा वारा सुटला होता, पाणी काळं पडलं होतं. नावाडी हसायचा थांबला होता. हे माझ्या लक्षात आलं नसेल? माझं कामच ते!

शिरीषला पोहता येत नव्हतं. केशरी जॅकेट आवळून तो बसला होता. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता – त्याला नाही, मला.

“काढ रे ते,” मी म्हणालो. “गॅसचा सिलिंडर दिसतोयस!”

तो हसला. काढलं. उभा राहिला.

माझं जॅकेट माझ्या अंगावर होतं.

एका फोटोत शिरीष आहे. पुढच्या फोटोत नुसता समुद्र. बोट धक्क्याला लागायच्या आत मी दोन्ही पुसून टाकले.

आमच्या खात्यात एक वाक्य असतं – ‘सूचना दिली होती, पालन झालं नाही.’ ते लिहिलं की फाईल बंद होते. कितीदा लिहिलंय मी ते. तिथल्या पोलिसांसमोर तेच लिहिलं. आणि क्लेमेंटीला परतल्यावर शिरीषच्या बायकोला, मधुराला, तिच्या डोळ्यांत बघून तेच सांगितलं. मी भित्रा आहे, दुसरं काय?

तिने विश्वास ठेवला. रडायच्या आधी ती त्याच्यावर चिडली, आणि अजून चिडलेलीच आहे. तिचा भाऊ नाशिकला, म्हणून भाऊबीजेला ती मला ओवाळते. मीही पाटावर जाऊन बसतो.

यंदा ओवाळून झाल्यावर तिच्या मुलीने, इराने, भिंतीवरच्या फोटोकडे बघत विचारलं, “बाबा कसे होते?”

“हट्टी,” मधुरा म्हणाली. “मामा सांगत होता, तरी ऐकलं नाही. आपला विचारच केला नाही त्याने.”

“सो सेल्फिश, ला,” इरा इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.