धाकट्याचा गाल

"खाल्ली? आता डायलॉग बोल."

समोरच्याच्या गालावर पाची बोटं उमटवून आमचा दिग्दर्शक हे इतक्या शांतपणे म्हणायचा, की मार खाणाऱ्यालाच वाटावं आपलं काहीतरी चुकलं. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात, त्याच्या लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या खोलीत आमच्या 'मंगळवाले' सिनेमांची नटनिवड व्हायची. कानाखाली खाऊनही जो डोळ्याला डोळा भिडवून बोलेल तो हिरो. उलटा हाणेल तो व्हिलन. आणि जो रडेल, त्याला पत्र्याचं डबडं घालून यंत्रमानव करायचा.

"दुसऱ्या ग्रहावरची माणसं आहेत, भैया. तिथं कोण हात जोडून येणार?" हे त्याचं शास्त्र.

मी लग्नांचं शूटिंग करणारा. त्याचा कॅमेरामनही मीच. बुऱ्हाणपूरचे असाल तर पहिले दोन भाग तुम्ही मोबाइलवर पाहिलेच असतील. त्यातलं रक्त बहुतेक खरं आहे. बहादरपूरच्या केळीच्या बागेत एका परग्रहवाल्याचा दात पडला, तर हा मला म्हणाला, "कॅमेरा चलने दे." मग त्याच गड्याचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेला. असा विचित्र माणूस.

एकालाच त्याने कधी मारलं नाही, धाकट्या भावाला. बाप गेल्यावर यानेच त्याला वाढवलं होतं. धाकटा दर भागाला रांगेत उभा राहायचा, गाल पुढे करायचा. "मार ना, दादा. मलाच का नाही?" हा हात उचलायचा, त्याची कॉलर सरळ करायचा आणि म्हणायचा, "जा, चहा सांग." थप्पड नाही तर रोल नाही. सगळे हसायचे.

तिसऱ्या भागाला केळीच्या व्यापाऱ्याने पैसा लावला. धाकट्याने आतून बोलणी करून दिग्दर्शन पटकावलं, वर हिरोही स्वतःच झाला. तापीकाठी राजघाटावर व्हिलनची निवड ठेवली, तर थोरला मुकाट येऊन रांगेत शेवटी उभा राहिला.

धाकट्याने थप्पड मारली. हा हलला नाही, डायलॉग बोलायला लागला. धाकट्याने परत मारली. मग तो थांबेचना. थपडांचे गुद्दे झाले, गुद्द्यांनी भागेना तेव्हा केळीला टेकू देतात तो बांबू त्याने उचलला. "मला का नाही, मला का नाही," एवढंच ओरडत होता. याने एकदाही हात वर केला नाही. कानातलं रक्त पायरीवर ओघळलं तेव्हा कुठे आम्ही धाकट्याला ओढून धरलं. माझा कॅमेरा चालूच होता. सवय थोरल्यानेच लावलेली.

थोरल्याचा डावा कान कायमचा गेला. सिनेमाही तिथेच बसला. हा सुरतेला लूमवर निघाला. "तिकडच्या आवाजात एक कान पुरतो," मला म्हणाला.

बसस्टँडवर धाकटा आला. डोळे सुजलेले. त्याने गाल पुढे केला, म्हणाला, "दादा, एक तरी मार."

याने हात उचलला. मी मनात म्हणत होतो, हाण रे बाबा, एकदाचा हाण. त्याच्यासाठी तरी हाण.

याने धाकट्याची कॉलर सरळ केली. "जा, चहा सांग."

धाकटा दोन ग्लास घेऊन धावत आला, तेव्हा बस निघून गेली होती.